‘आलिया’ नाव किती मुलींचं? अमेरिकेची सरकारी नामसूची वापरायची तर

अरबी नावांचे अर्थ सांगणाऱ्या साइट्स पायलीच्या पन्नास मिळतात. ते नाव प्रत्यक्षात किती मुलींना ठेवलं गेलं, हे वर्षवार मोजून देणाऱ्या जागा मात्र थोड्या. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाची, म्हणजे निवृत्तिवेतन आणि ओळख-क्रमांक सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची, बाळनावांची सेवा त्यांपैकी एक. फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, आणि आकडे थेट १८८० पर्यंत मागे जातात. मायकेल शॅकलफर्ड या तिथल्याच ॲक्च्युअरीने (विम्या-पेन्शनचं गणित मांडणाऱ्याने) १९९७ मध्ये तिची सुरुवात केली. दरवर्षी साधारण मे महिन्यात मागच्या वर्षाची भर पडते. एकाच ठरलेल्या स्पेलिंगच्या नावासाठी ही सेवा उत्तम आहे. अरबी नावासाठी ती अर्धंच काम करते. ‘आलिया’ टाकून पाहिलं की ते कुठे अडतं, हे लगेच कळतं.

मुख्य पानावर नाव, लिंग आणि कधीपासूनची वर्षं हवीत ते भरलं की क्रमांकांचा तक्ता येतो. तो फक्त पहिल्या हजार नावांपुरता. एखाद्या वर्षी नाव हजाराबाहेर असेल तर तिथे आकडाच नसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की नाव कुणी ठेवलंच नाही. पुढचं हवं असेल तर हजारापलीकडच्या नावांचं वेगळं पान आहे. तिथून झिप फाइल उतरवायची. आत दर जन्मवर्षाची एक टेक्स्ट फाइल, आणि प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: नाव, लिंग, संख्या. एक्सेलमध्ये उघडताना विभाजक म्हणून स्वल्पविराम निवडावा लागतो, नाहीतर सगळं एकाच स्तंभात कोंबलं जातं. आधी सगळ्या मुली, मग सगळी मुलं, संख्येच्या उतरत्या क्रमाने. इथेही पाचपेक्षा कमी वेळा आलेलं नाव गाळलेलं असतं. तयार पॅकेजांमधल्या प्रती वापरायच्या तर त्यांचं शेवटचं वर्ष आधी बघा. आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेतलं लोकप्रिय ‘बेबीनेम्स’ पॅकेज २०१७ ला थांबतं.

आता खरी अडचण. ही सेवा नाव मोजत नाही, स्पेलिंग मोजते. डबल ए, एल, आय, वाय, ए, एच हे एक नाव. त्यातला पहिला ए एकच केला की दुसरं, शेवटचा एच काढला की तिसरं, नुसतं ए-एल-आय-ए हे चौथं. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक, आणि त्यांची एकत्र बेरीज कुठेच नाही. जोडरेषा आणि मोकळी जागा मात्र काढून टाकतात, त्यामुळे जोडनाव एका शब्दात चिकटून येतं. म्हणजे ‘आलिया’ची लोकप्रियता हवी असेल तर स्पेलिंगांची यादी आपणच करायची आणि फाइलमधून एकेक वेचून बेरीज मारायची. वेचताना ‘पासून सुरू होणारं’ हा फिल्टर वापरू नका, त्यात अलिशा आणि अलिसाही येतात. पूर्ण जुळणी लावा.

बेरीज कशाची करायची हे अर्थाशिवाय ठरत नाही, आणि अर्थाबद्दल सरकारी सेवा एक अक्षर बोलत नाही. तो तिचा दोष नव्हे. पण पोकळी भरायला जे नावांचे संग्रह पुढे येतात, ते ‘आकाश’पासून ‘सर्वोच्च’पर्यंत काहीही देतात. अरबीत आलिया हे ऐन-लाम-वाव या तीन अक्षरांच्या धातूचं कर्तृवाचक स्त्रीलिंगी रूप: उंच, उन्नत. ‘सर्वोच्च’ हवं असेल तर त्यासाठी ‘उल्या’ असं वेगळं रूप आहे. कुराणात ६९:२२ आणि ८८:१० या ठिकाणी ‘जन्नतिन आलिया’, म्हणजे उंचावरची बाग, असा शब्द येतो. पण त्यावरून ‘कुराणातलं नाव’ असा शिक्का मारणं सैल आहे. तिथे तो विशेषण म्हणून आहे. कुराणात नावानिशी आलेली स्त्री एकच, मरियम. शब्दकोशात स्वतः पडताळायचं तर हान्स वेअरचा अरबी-इंग्रजी कोश धातूनुसार लावलेला आहे. ‘आ’ शोधत अलिफकडे गेलात तर काही सापडणार नाही, ऐनकडे जायला हवं.

निदान चार अरबी नावं इथे, कधी रोमन तर कधी अरबी लिपीत, एकमेकांत मिसळतात. आलिया (ऐन, अलिफ, लाम, ये, आणि शेवटी ता मरबूता हे स्त्रीलिंगाची खूण असलेलं अक्षर). अलिय्या, म्हणजे अलीचं स्त्रीलिंगी रूप. उलय्या, जे स्वरचिन्हांशिवाय लिहिलं की अलिय्यासारखंच दिसतं. हारून अल-रशीदची सावत्र बहीण, कवयित्री आणि गायिका उलय्या बिन्त अल-महदी, हिचं नाव हे. आणि अल्या, ज्याच्या शेवटी अलिफ-हमजा. जॉर्डनमध्ये हा गोंधळ चक्क विमानतळावर भेटतो. अम्मानचा विमानतळ राणी अल्याच्या नावाचा, तर देशाची विमान कंपनी १९६३ मध्ये राजकन्या आलियाच्या नावाने सुरू झाली. अरबीत दोन वेगळी नावं, रोमनमध्ये दोन्हीकडे तीच चार अक्षरं. देवनागरीत हा घोळ मुळात होत नाही. आलिया, अलिय्या, अल्या असं लिहिलं की काम संपलं. (कोलकात्याच्या आलिया विद्यापीठाच्या नावातही हाच पहिला शब्द आहे. १७८० च्या मदरसा-ए-आलियाचा तो वारसा, आणि त्यांचं रोमन स्पेलिंग आणखी निराळं, शेवटी एच लावलेलं.)

भरीला हिब्रूतला ‘अलिया’: वर चढणं, इस्रायलला जाऊन वसणं. एकाच ए ने सुरू होणाऱ्या, शेवटी एच असलेल्या स्पेलिंगमध्ये ज्यू घरातल्या मुलीही असू शकतात. म्हणून बेरजेचे दोन गट करावेत. डबल ए वाली स्पेलिंगं पहिल्या गटात, बाकीची दुसऱ्यात, आणि लिहिताना दोन्ही आकडे वेगळे द्यावेत. एकच मोठा आकडा भारदस्त दिसतो, पण त्यात नक्की काय मिसळलंय हे कुणालाच सांगता येत नाही.

डबल ए चा गट आलेखावर मांडला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हे स्पेलिंग पहिल्या हजारात येतं १९९४ मध्ये. त्याच वर्षी आलिया हॉटन या गायिकेचा पहिला अल्बम आला. २००१ च्या ऑगस्टमध्ये बहामात विमान अपघातात ती गेली, आणि नाव आणखी वर चढून पहिल्या शंभरात पोचलं. तिचा उच्चार ‘अलीया’, जोर ‘ली’वर, अरबीत तो पहिल्या ‘आ’वर असतो. तेव्हा हा आलेख दाखवून ‘अमेरिकेत अरबी नावं वाढली’ असा मथळा देणं चूक. सरकारी फाइलमध्ये धर्म, वंश, आईवडिलांची भाषा यांतलं काही नसतं. आपल्याकडे ‘आलिया’ ऐकल्यावर अभिनेत्री आठवते आणि तोच संदर्भ आपण तिकडच्या आकड्यांवर लादतो, तेही तितकंच चुकीचं.

वंशगट हवाच असेल तर न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाची नावांची यादी बघावी. ती २०११ पासूनची आहे आणि त्यात चार गट आहेत. पण तिथे दहापेक्षा कमी वेळा आलेली नावं नाहीत. शिवाय फाइल अस्वच्छ आहे: काही वर्षांच्या ओळी पुन्हापुन्हा आल्यात, नावं कुठे सगळी मोठ्या अक्षरांत तर कुठे नाहीत, गटांची नावं मधेच तुटलेली. आधी सगळं एका लिपिरूपात आणा, मग दुहेरी ओळी काढा. हा क्रम उलटा केला तर मोठ्या-छोट्या अक्षरांच्या जोड्या तशाच राहतात आणि बेरीज फुगते.

इंग्लंड-वेल्सची राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची यादी या कामाला थोडी सरस वाटते. ती १९९६ पासूनच आहे, पण उंबरठा तीनचा, त्यामुळे विरळ स्पेलिंगं जास्त सापडतात. स्पेलिंग एकत्र न करण्याचा नियम तिथेही तोच. २०२३ मध्ये मुलांत मुहम्मद पहिला आला तो एकाच स्पेलिंगच्या जोरावर. त्याची आणखी दोन स्पेलिंगं पहिल्या शंभरात वेगळी होती.

अमेरिकेच्या फाइलबद्दल आणखी काही खाचखळगे. तिचे आकडे सोशल सिक्युरिटी कार्डाच्या अर्जांवरून येतात, आणि १९३७ पूर्वी जन्मलेल्या पुष्कळांनी असा अर्जच केला नाही, त्यामुळे जुनी वर्षं तोकडी आहेत. उशिरा आलेल्या अर्जांमुळे मागच्या वर्षांचे आकडेही नव्या आवृत्तीत थोडे सरकतात, म्हणून फाइल कधी उतरवली ते टिपून ठेवा. क्रमांकांची दशकांत तुलना करू नका. आज नावांचा पसारा इतका वाढलाय की तोच क्रमांक मिळवायला पूर्वीपेक्षा कमी मुली पुरतात. त्याऐवजी दर लाख मुलींमागे किती, हे काढा. भागायला लागणारी एकूण संख्या त्याच साइटवर जन्मवर्ष आणि लिंगानुसार वेगळ्या तक्त्यात आहे. राज्यवार फाइल १९१० पासूनची, पण पाचचा उंबरठा तिथे प्रत्येक राज्याला स्वतंत्र लागतो. न्यू जर्सीत चार आणि टेक्सासमध्ये चार मुली असतील तर राज्यांच्या फाइलमध्ये शून्य, देशाच्या फाइलमध्ये आठ. विरळ स्पेलिंगसाठी राज्यांची बेरीज करून देशाचा आकडा काढायला जाऊ नका.