डोळे आलेत: मेडिकलचे थेंब की गार पाण्याची घडी?

एक डोळा लाल, पापणीखाली वाळू गेल्यासारखं खुपतंय, दोन दिवसांत दुसराही तसाच. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मेडिकलमधून थेंब आण, दुसरा म्हणतो आपोआप जाईल.

आधी चिपडं बघा. पाण्यासारखं पातळ गळतंय आणि कानापुढची बारीक गाठ दाबल्यावर दुखतेय, तर बहुधा विषाणू, त्यातही अनेकदा ॲडिनोव्हायरस. घट्ट पिवळा पू असेल तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. दोन्ही डोळ्यांना एकदम खाज सुटली तर ॲलर्जी.

विषाणूवर अँटिबायोटिक थेंब काही करत नाहीत. घोळ होतो तो स्टेरॉइडवाल्या थेंबांचा. लाली झटक्यात उतरते, म्हणून माणूस खूश. पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस मुक्काम करतो, आणि मुळात तो हर्पिस नावाचा विषाणू असेल तर बुबुळावरची जखम पसरून नजरेवर बेतू शकतं. खोका फिरवून बारीक अक्षरं वाचा: डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची नावं दिसली, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घालू नका. शेजाऱ्यांची उरलेली अर्धी बाटली तर नकोच.

गार घडीने विषाणू मरत नाही, पण ठणका नि सूज नक्की कमी वाटते. फ्रिजमधले कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळा ओलसर ठेवणारे थेंब, हेही बरे वाटतात. पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतच जातो, आणि नेमका तेव्हाच धीर सुटतो. आठवडा-दोन आठवडे धरूनच चाला. माझं मत घडीच्या बाजूने. गुलाबपाणी, मध वगैरे मात्र डोळ्यात नको.

२०२३च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती, तेव्हा जो तो काळा गॉगल लावून फिरत होता. गॉगलने उजेड सोसतो, लागण थांबत नाही. नुसतं बघूनही डोळे येत नाहीत. येतात ते हातामुळे, टॉवेलमुळे, उशीच्या अभ्र्यामुळे. सॅनिटायझरला ॲडिनोव्हायरस फारसा दाद देत नाही, साबणानेच हात धुवा. डोळ्यातलं पाणी थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका.

डोळा आतून दुखतोय, उजेड अजिबात सोसत नाही, पापणी मिटून उघडली तरी धूसरच दिसतंय, तर घडी नाही नि मेडिकलही नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी, आणि तान्ह्या बाळाचे डोळे आले असतील तर त्याच्या आईने, ही लक्षणं दिसायचीही वाट बघू नये.