चिलेटेड ट्रेस मिनरल: पावसाळ्यात पैसे वसूल, पण सगळ्यांसाठी नाही

चिलेटेड ट्रेस मिनरल म्हणजे जस्त, मँगेनीज, तांबं अशी अगदी थोडी लागणारी खनिजं अमिनो आम्लाशी बांधून केलेली, खाद्यात मिसळायची भुकटी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तयार खाद्यावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांनी ही पिशवी घेऊच नये. त्या खाद्यात खनिजं मोजून घातलेली असतात. वरून आणखी टाकणं म्हणजे नुसता खर्च नाही; सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं. मका आणि सोया पेंड आणून घरी खाद्य बनवणाऱ्यांना मात्र ही जरूर सुचवतो.

मात्रा टनाला 1 किलो, म्हणजे क्विंटलला 100 ग्रॅम. एवढीशी भुकटी थेट ढिगावर टाकून फावडं मारलं, तर काही पिल्लांना दुप्पट आणि काहींना काहीच मिळत नाही. आधी 1 किलो मक्याच्या पिठात कालवा, मग ते 10 किलो भरड्यात, मग बाकीच्यात.

फरक पायात दिसतो. मँगेनीज कमी पडलं की घोट्याचा सांधा सुजतो, मागची शीर (कंडरा) जागेवरून सरकते आणि पिल्लू पाय बाहेर फेकून बसतं. ते मग सुधारत नाही. जस्त पुरेसं असेल तर तळव्याची कातडी चिवट राहते. शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसावर तिचीच परीक्षा असते. वजनवाढीच्या जाहिरातीवर मात्र जाऊ नका. कमतरता असेल तरच वजनात फरक पडतो.

याच खनिजांचं न बांधलेलं, साधं सल्फेट क्षारांचं मिश्रण स्वस्त आहे आणि कोरड्या दिवसांत चालतं. पावसाळ्यात ते दमट हवेतलं पाणी ओढतं, गोळे धरतं आणि सोबत मिसळलेली जीवनसत्त्वं खराब करतं, तांब्यामुळे तर जास्तच. चिलेटेड इथे सरस ठरतं. तरीही पिशवी फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण वेगळ्या डब्यात.

यात कॅल्शियम-फॉस्फरस नाही, हे बरेच जण विसरतात. पिल्लांच्या खाद्यात क्विंटलला दीड ते पावणेदोन किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि सुमारे सव्वा किलो चुनखडी पूड लागतेच. त्याऐवजी शिंपल्यांचा चुरा ओंजळीने टाकू नका. जादा कॅल्शियम जस्त आणि फॉस्फरस दोन्ही अडवतं. गुरांचं खनिज मिश्रणही नको, त्याचं प्रमाणच वेगळं.

खाद्यात सुकी मासळी घालत असाल तर मीठ कमी करा. सगळं धरून क्विंटलला साधारण 300 ग्रॅम पुरे. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी असेल तर आणखी कमी. मीठ जास्त झालं की पक्षी पाणी ढोसतात, विष्ठा पातळ होते, तूस भिजतो आणि दोष खनिजावर येतो.

लेबलवर प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि तो कशाशी बांधलाय, ग्लायसिन की मेथिओनिन या अमिनो आम्लाशी, हे छापलेलं नसेल तर पिशवी परत करा.