वाईनची द्राक्षं का बेदाण्याची?
मोहोळचा दोस्त विचारतोय, दोन एकरात काय लावू. अकलूजकडच्या सांजोव्हेसे, शिराझ या वाईनच्या वाणांच्या बागा बघितल्यापासून गडी वाईनवरच अडून बसलाय.

खर्चात वाईनवालं हलकं, मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात घड बुडवायला नकोत, विरळणीची मजुरी पण वाचते. पण बारका मणी, जाड साल, आत बिया, वायनरीनं (वाईनच्या कारखान्यानं) उचललं नाही तर बाजारात कुत्रं विचारत नाही, म्हणून आधी लेखी करार, मग रोपं.

बेदाण्याला राबणूक लई, लवकर वाळायला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलात घड बुडवा, शेडमधी जाळीवर वाळवा, त्यात अवकाळी आला की माल काळा पडलाच. तरी कोल्ड स्टोरेजला ठेवून पंढरपूर, तासगावच्या सौद्याला भाव बघून काढता येतो, हे मोठं.

वायनरी जवळ आणि करार हातात असेल तर वाईन. पैशाला थांबायची ताकद असेल तर बेदाणा, त्याला वाण थॉम्पसन नायतर आपल्या नान्नजची सोनाका.