तांबड्या चकतीचा टायमर: नवऱ्यासाठी घेतला, सहा महिने वापरला

लहान मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून विकतात तो हा टायमर मी ३६ वर्षांच्या नवऱ्यासाठी घेतला. ऑनलाइन, ७४९ रुपये. बेळगावात टिळकवाडीला चौथ्या दिवशी घरपोच.

पांढरी चौकोनी डबी, एक पेन्सिल सेल. मधली तबकडी हवी तितक्या मिनिटांवर फिरवायची, तेवढा तांबडा भाग उघडतो आणि वेळ जाईल तसा मिटत जातो. शून्यावर शिट्टी.

नवरा उद्यमबागेत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आहे. तिथं मायक्रॉनचा हिशेब चुकत नाही, पण घरी ‘पाच मिन्टात आलो’ म्हणाला की पाऊण तास धरायचा. लग्नाआधी किल्ला तलावावर तासभर ताटकळले होते. हा आला तो हातात माझ्यासाठी कुंदा आणि शर्टाला ग्रीस. वाटेत कुणाची तरी बंद पडलेली गाडी दुरुस्त करत बसलेला. तेव्हा ते गोड वाटलं. लग्नाला सात वर्षं झाल्यावर वाटेना.

गेल्या वर्षी त्याला एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं मेंदूलाच अवघड जातं. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावून शाळेतलं विचारलं. त्या म्हणाल्या, “तिसरीत दप्तर घरात ठेवून शाळेला गेलता. दोनदा.” मग मला कळलं की याला भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पण त्यावरून किती वेळ उरला ते जाणवत नाही. या चकतीवर उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो. खानापूरला भाचीच्या बारशाला आम्ही वेळेत पोचलो, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “काय गं, घरात सगळं बरं आहे न्हवं?”

आता तक्रारी. टिकटिक फार, रात्री झोपायच्या खोलीत ठेवता येत नाही. शिट्टी तर कानठळ्या बसवणारी. ती कमी करायला नवऱ्यानं एका रविवारी डबी उघडली, बझरवर चिकटपट्टी लावली आणि पुन्हा जोडली. तीन तास गेले, आमटी दोनदा गरम केली. टायमरच उघडून पडलेला, वेळ सांगणार कोण? (आवाज मात्र आता झकास आहे.)

चौथ्या आठवड्यात तो टायमर त्याला दिसेनासाच झाला, कॅलेंडरसारखा. नव्याची नवलाई संपली की असंच होतं, जागा बदला, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कधी चपलांच्या रॅकवर, कधी आरशापुढं. हे औषधाच्या जागी चालेल असं कुणी समजू नये. त्याची एडीएचडीवरची मेथिलफेनिडेटची गोळी चालूच आहे, तिच्यासाठी लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन प्रतींतल्या चिठ्ठीसाठी खेपाही चालू आहेत.

सगळ्यात मोठी चूक माझी. एकदा भांडणात मी तबकडी दहावर फिरवून त्याच्यापुढं आपटली, “दहा मिन्टांत उत्तर दे.” त्यानं डबी पालथी घातली आणि गच्चीवर गेला. आधी मी ‘ऊठ, चल, गॅस बघितलास काय’ म्हणायचे आणि तो ‘होय हेडबाई’ म्हणायचा. हेडबाईंच्या हातात आता शिट्टी आली, एवढाच फरक. त्या रात्री ठरलं, तबकडी फक्त त्यानं फिरवायची. मी हात लावायचा नाही, ‘लावलास काय?’ असंही विचारायचं नाही. हे पाळणं मला त्याच्यापेक्षा जड गेलं. पण गेल्या महिन्यात गणपत गल्लीत खरेदीला गेलो आणि परतेपर्यंत त्याचं बोलणं मी नुसती बायको म्हणून ऐकलं, घड्याळाकडं लक्ष न ठेवता. असं शेवटचं कधी झालं होतं, आठवत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा टिकटिकीचा कापला, एक शिट्टीचा. जोडीदारावर पाळत ठेवायला घेणार असाल तर पैसे वाया.

हे लिहितेय तेव्हा आम्हाला शहापूरला जेवायला जायचंय. चकती बारा मिनिटांवर आहे, त्याचा दुसरा मोजा सापडायचाय. तो पलंगाखाली आहे, मला इथून दिसतोय. मी गप्प आहे.