आखाती प्रवासाची सल्लासेवा : टिळकवाडीतील एका कार्यालयाचा अनुभव

उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीचा माल सौदी अरेबियातील दम्माम आणि अमिरातीतील दुबई येथील ग्राहकांना दाखवण्यासाठी मी पहिल्यांदाच आखातात गेलो. व्हिसा काढून देणारी कार्यालये बेळगावात इतरही आहेत. पण टिळकवाडीतील या छोट्या कार्यालयात अर्ज भरण्याआधी तासभर समोर बसवून तिथल्या कायद्याची आणि धर्माची बंधने मराठीतून समजावून सांगतात, आणि त्यासाठीच ही सेवा मला मोलाची वाटली.

बॅगेत काय नेणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आईने केलेल्या अनारशांचे नाव निघताच त्यांनी डबा घरीच ठेवायला सांगितले, कारण अनारशांना खसखस लावलेली असते आणि सौदी अरेबिया व अमिराती या दोन्हीकडे खसखस नेण्यास बंदी आहे. कोडीन हे अफूपासून मिळणारे द्रव्य असलेले खोकल्याचे औषधही त्यांनी काढायला लावले. जेद्दाहून मक्केपर्यंत जाऊन यावे असा माझा भाबडा बेत होता. मक्केत गैरमुस्लिमांना प्रवेश नाही आणि महामार्गावरच त्यांना दुसऱ्या रस्त्याने वळवणारे फलक आहेत, हे त्यांनी नकाशावर दाखवले. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी व्यवस्था आहे. त्यामुळे माझ्या सगळ्या भेटींच्या तारखा नव्याने ठरवाव्या लागल्या.

कागदपत्रांत मात्र त्यांची मोठी चूक झाली. मुखत्यारपत्रावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून आपल्या सरकारने दिलेला शिक्का, पुरेल, असे त्यांनी दोन्ही देशांसाठी सांगितले होते. सौदी अरेबिया २०२२ च्या अखेरीस अपोस्टिल करारात आल्यामुळे तेथे ते चालले. दुबईतून कागद परत आला, कारण तेथे दूतावासाचे साक्षांकन लागते. यात माझे दोन आठवडे गेले. त्यांनी चूक मान्य केली आणि दुसऱ्या खेपेचे शुल्क घेतले नाही, तरी अशी माहिती त्यांनी आधीच तपासायला हवी होती.

माझ्या कन्नड दाखल्यांचे भाषांतर त्यांनी नीट करून घेतले. २०१४ मध्ये शहराचे सरकारी नाव बेळगावी झाल्याने जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळी नावे आहेत. त्याचा खुलासाही त्यांनी आठवणीने अर्जाला जोडला.

पुढच्या खेपेलाही मी येथेच जाईन. माझ्याशेजारी बसलेला, दहावी न झालेला खानापूरचा एक मुलगा भेटीच्या व्हिसावर कामाला निघाला होता. उत्प्रवासाची, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याची, सरकारी मंजुरी घेतल्याशिवाय जाऊ नकोस, असे बजावून त्यांनी एक रुपयाही न घेता त्याला परत पाठवले.