म्हापशात १४,३०० रुपयांना घेतलेलं 'साउंड कार्ड'

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. सोल्डरिंग आयर्न सातवीपासून हातात आहे, घरी ३८६ हा जुना कॉम्प्युटर चालू आहे, डॉसवर हात बसलेला आहे. तरी फसलो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

जाहिरात अशी: ॲडलिब या जुन्या साउंड कार्डाची तैवानी नक्कल, बिननावाची, ८ बिट, चालू. फोटो धूसर. फोनवर विकणारा म्हणाला, २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसातलं भंगार उचललं, त्यात हे मिळालं. मी "हो का!" म्हटलं आणि टोकन म्हणून २,००० रुपये यूपीआयने पाठवून दिले.

मनात पाल चुकचुकायला हवी होती ती इथे. खाणीच्या ऑफिसात गाणारं कार्ड कोण कशाला बसवेल? तिथे कॉम्प्युटरला जोडलेला असायचा तो ट्रकचा वजनकाटा, आणि काट्याला लागतो सीरियल पोर्ट, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला माउस, मोडेम जोडायची ती खाच. माझे सख्खे काका खाणीवर होते. वजनकाट्याची ती लाल धुळीची खोली मी लहानपणी बघितलीय. तरीही सुचलं नाही. रोज रात्री हेच आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

व्यवहार म्हापशात, गणेश चवथीच्या आधीच्या शुक्रवारी. म्हणजे बाजारात मुंगी शिरायला जागा नाही, वर पाऊस. एका दुकानाच्या वळचणीला त्याने पिशवी उघडली. मोठ्या चिपवरचं नाव घासलेलं. तेव्हाचे नक्कलवाले खरंच नावं घासायचे, त्यामुळे मला ते उलट अस्सलपणाचं लक्षण वाटलं! पण नाव घासता येतं, पाय घासता येत नाहीत. ॲडलिबवरची यामाहाची वायएम ३८१२ चिप २४ पायांची. ही होती ४० पायांची. पाय मोजा. नाव वाचू नका, पाय मोजा.

शेजारी क्रिस्टल (चिपला ठोका देणारा भाग), त्यावर १.८४३२ असं ढळढळीत छापलेलं. हा आकडा सीरियल पोर्टचा: १.८४३२ मेगाहर्ट्झला १६ ने भागलं की ११५२०० येतात. ॲडलिबला असला क्रिस्टल लागतच नाही, ते स्लॉटमधून येणारे १४.३१८ मेगाहर्ट्झ चारने भागून काम भागवतं. त्याच्याही बाजूला १४८८ आणि १४८९, सीरियलच्या लाइनचे आयसी. एवढं सगळं उघड्यावर होतं. पण चष्म्यावर पाणी, मागून माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान घेऊन लोक ढकलतायत, आणि तो माणूस सारखा "पात्रांव, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणतोय. मी बघत होतो ते रिबनवर लोंबणाऱ्या १५ पिनांच्या जॉयस्टिक सॉकेटकडे. साउंड कार्डावर तो असतो, हे डोक्यात पक्कं. सीरियल आणि पॅरलल पोर्टच्या कार्डावरही असायचा, हे घरी आल्यावर आठवलं. स्पीकरची खाच कुठाय, विचारलं तर म्हणाला, मोडली म्हणून काढली. कडेला सोल्डरची नऊ भोकं रिकामी होती, पाच वर, चार खाली. नऊ पिनांचा सीरियल सॉकेट उपटून काढला होता त्याने!

१०,५०० रुपये रोख दिले. पावती नाही. रोख देऊ नका.

आणि लाज वाटते ते पुढचं. जंपर (सेटिंग बदलायच्या छोट्या टोप्या) सहा, छापलेलं फक्त "३ ४". सेटिंगचा 'मूळ चार्ट' म्हणून त्याने एका झेरॉक्सचे आणखी १,८०० घेतले, तेही रोख. त्यात होतं पत्ता २२०, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५, डीएमए (थेट मेमरीत जायची वाट) १. हे साउंड ब्लास्टर या दुसऱ्याच साउंड कार्डाचे आकडे! ॲडलिब ३८८ या पत्त्यावर बसतं, त्याला आयआरक्यूही लागत नाही आणि डीएमएही नाही. "३ ४" म्हणजे कॉम २ आणि कॉम १ या सीरियल पोर्टांचे आयआरक्यू, हे मला पाठ आहे. पाठ होतं.

घरी फोंड्याला येऊन कार्ड बसवलं तर आवाज दूरच, कॉम १ वरचा माउस मेला, कारण हे कार्डही कॉम १ होऊन बसलं होतं. जंपर ३ वर हलवला, तेव्हा माउस जिवंत झाला आणि एमएसडी या डॉसच्या तपासणी प्रोग्रामात एक नवा कॉम २ उगवला, पत्ता २एफ८. विकणाऱ्याला फोन केला. "ड्रायव्हर घाला, मग बघतो." नऊ दिवसांनी दुसऱ्या फोनला नंबर ब्लॉक.

मग तक्रार. पहिल्या ठिकाणी कार्ड हातात घेऊन "कितें रे हें?" म्हणून चौघांनी फिरवलं. रोख व्यवहार म्हापशात झाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, तुम्ही राहता कुठे? फोंड्याला? मग फोंड्याला द्या. तिसऱ्या ठिकाणी म्हणे ऑनलाइन गेलेले फक्त २,००० आमचे, बाकीचे १२,३०० आमच्यात येत नाहीत. पैसे एकाच माणसाने खाल्ले हो! बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात ना? चार खेपा, चार अर्ज, एकाचीही पोच नाही. एवढंच ज्ञान पदरात पडलं की फसवणुकीचं ४२० कलम आता नव्या न्याय संहितेत ३१८ झालंय. एक साहेब तर म्हणाले, वस्तू दिलीय ना त्याने, मग फसवणूक कसली? साउंड कार्ड आणि सीरियल कार्डातला फरक मी त्यांना वीस मिनिटं समजावला. त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता. पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी नऊ दिवस विकणाऱ्याच्या "बघतो" वर काढले.

परवा तीच जाहिरात परत दिसली, नवा नंबर, तसलंच दुसरं कार्ड, किंमत १६,०००. यावेळी त्या नऊ भोकांवर पांढरा स्टिकर लावलाय. बघायला गेलात तर आधी तो नखाने उचला.