हिंगणा एमआयडीसीतली रबर टेस्टिंग लॅब : रिपोर्ट घ्या, पण पट्टी पण मागून घ्या

साडेतीन स्टार देतोय आणि त्यातला पुरा एक तिथल्या मशीनवर बसणाऱ्या काकांचा आहे. लॅबचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार आहे आणि मला तिथे परत जायचंच आहे बाप्पा.

आपलं काम कन्व्हेअर बेल्टला हॉट जॉइंट मारायचं, म्हणजे बेल्टची टोकं तापवून दाबून जोडायची. नागपूरच्या आजूबाजूला कोळसा एवढा की बेल्टला तोटा नाही. एका पार्टीने अट घातली की नमुन्याचा जॉइंट मारा, प्लाय म्हणजे बेल्टमधले कापडाचे थर किती घट्ट चिकटले त्याचा ॲडहेजन रिपोर्ट आणा, मगच बिल निघेल. म्हणून तुकडा घेऊन गेलो. काउंटरवर "परवा या" म्हणाले आणि ते परवा आठ दिवसांनी उजाडलं. रिपोर्टमध्ये एकच आकडा, ॲव्हरेज ५.२ न्यूटन पर मिलीमीटर. मी खूश. पार्टीच्या इंजिनिअरने बघितलं आणि विचारलं, सुटलं कुठून, रबर फाटलं का कापडावरून निघालं? आता हे रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नाही तर मी काय सांगू, लॅबला फोन केला तर म्हणे तुकडे फेकले. इथे एक स्टार गेला.

दुसऱ्या वेळी मी काउंटरवर वाद घालून आतच उभा राहिलो. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत एसी २७ डिग्रीवर, तेवढ्यासाठी पण जावं असं आहे. काकांनी पहिले विचारलं जॉइंट कधी पिकवला, कारण व्हल्कनाइझ केल्यावर, म्हणजे रबर तापवून पिकवल्यावर, निदान १६ तास जाऊ द्यायचे असतात, गरम गरम तुकडा आणून उपयोग नाही. मग २५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या, टोकाला चाकूने प्लाय सोडवून दोन कान काढले, एक कान वरच्या जबड्यात, एक खालच्या, आणि मशीन मिनिटाला १०० मिमीने ओढायला लागली. चर्र चर्र आवाज आणि स्क्रीनवर करवतीच्या दातांसारखी रेघ. १४० न्यूटनच्या आसपास चालू होतं, म्हणजे भागिले २५, साडेपाचच्या वर, आणि मधेच एका जागी रेघ धपकन ६० वर आली आणि पुन्हा चढली. काका काही बोलले नाही, फक्त बोट ठेवलं. ॲव्हरेजमध्ये हा खड्डा पुरा दबून जाते हो!

मग पट्टी उलगडून ट्यूबलाइटखाली धरली. दोन्ही बाजू काळ्या असतील तर रबर मधून फाटलं, म्हणजे जोड रबरापेक्षा पक्का, याहून चांगलं काही नाही. तांबूस तपकिरी कापड दिसलं तर रबर डिपवरून, म्हणजे कापडावरच्या पकडीच्या लेपावरून सुटलं. नायलॉन गुळगुळीत असते, रबर त्याला सरळ धरत नाही, म्हणून कारखान्यातच कापड आरएफएलमध्ये बुडवून भाजतात, म्हणजे रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि लॅटेक्स, तो तपकिरी रंग त्याचाच. आणि पांढरे धागे दिसले तर डिपच गेलं. माझ्या पट्टीवर त्या खड्ड्याच्या जागी बोटभर पांढरं.

"बफिंग कोण करते भाऊ तुमच्याकडे?"

लाजच वाटली. आमचा पोरगा वायर ब्रश कापडाला रुवं येईपर्यंत फिरवतो, आणि खरं सांगायचं तर ते त्याला मीच शिकवलं होतं, वाटायचं रुवं आलं की सोल्युशन, म्हणजे रबरचा गोंद, जास्त पकडेल. उलट डिप खरवडून जाते आणि मग वरून कितीही भारी सोल्युशन लावा.

एक आणखी. माझा मेव्हणा रेडियल टायरवाला, त्याला स्टील कॉर्डचं, म्हणजे टायरमधल्या पोलादी तारेचं चेक करायचं होतं. तिथे पितळी मुलामा असते, त्यातलं तांबं आणि रबरातलं गंधक मिळून पकड बनते, आणि टेस्ट पण वेगळी, कॉर्ड रबराच्या ठोकळ्यात पिकवून सरळ उपटून काढायची. फोनवर "होते होते" म्हणाले, तो उन्हात गेला तर साचाच नाही यांच्याकडे. नाही म्हणायला काय जात होतं? अर्धा स्टार त्याचा.

पैसे वाजवी आहेत, सोल्युशनच्या दोन डब्यांएवढे. फक्त तुकडा देतानाच अर्जावर लिहून द्या की ॲव्हरेजसोबत सगळ्यात कमी आकडा पाहिजे, सुटलं कुठून ते पाहिजे आणि पट्ट्या परत पाहिजे. मी आता असंच लिहितो आणि काउंटरवाला तोंड वाकडं करून शिक्का मारतो.

ती पांढरी पट्टी बफिंगच्या टेबलावर खिळ्याला टांगली आहे. पोराने दोनदा काढून लपवली, दोनदा परत लावली.